नाव नको, अटी सांगा

उपग्रह संचार कंपन्यांबद्दल हल्ली एकच चर्चा कानावर येते: कोण कोणाला गिळणार? ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ग्लोबलस्टारची स्पेसएक्सशी प्राथमिक बोलणी झाल्याची बातमी फुटली आणि तिचा शेअर उसळला. त्याआधी फ्रान्सच्या युटेलसॅटमध्ये कोण किती पैसा ओतणार यावर पैजा लागल्या होत्या. आपल्याकडे एअरटेल, जिओ आणि टाटा यांची नावे आलटून पालटून कुठल्या ना कुठल्या अंतराळ कंपनीला चिकटवली जातात. सकाळी इंग्रजी अर्थवाहिनीवर उगवलेला कयास दुपारपर्यंत मराठीत उतरतो आणि रात्री ‘खात्रीची टिप’ होऊन मोबाइलवर येतो. जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर परतूर तालुक्यातले वाटूर लागते. सोयाबीन-कपाशीच्या त्या पट्ट्यात ई-पीक पाहणीसाठी बांधावरून काढलेला फोटो वर चढायला रेंजची वाट पाहावी लागते, पण टिप मात्र वेळेवर पोचते. या टिपेमागे एक पक्के मत आहे. उपग्रह कंपन्या लहान, कर्जबाजारी आणि दमछाक झालेल्या आहेत. कोणी तरी धनदांडगा त्यांना विकत घेईल, पैसा ओतेल, आणि तारा-मनोरे यांची कटकट न उरता आकाशातून गावोगाव नेट उतरेल. म्हणून घेणाऱ्याला घेऊ द्यावे, सरकारने मध्ये तंगडे घालू नये, आणि शहाण्याने आधीच चार शेअर घेऊन ठेवावेत. हे मत आता इतके सर्रास झाले आहे की त्याच्यावर शंका घेणारा एक तर समाजवादी ठरतो, नाही तर अडाणी. दोन्ही विशेषणे पत्करून सांगतो, या मताचा एकही पाय जमिनीवर नाही.

पहिला प्रश्न, विकले जाते ते नेमके काय? उपग्रह, असे उत्तर येईल. मग इरिडियमचे काय झाले ते आठवा. मोटोरोलाच्या पुढाकाराने पाच अब्ज डॉलरहून अधिक खर्चून ६६ उपग्रहांचे जाळे उभे राहिले, १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये सेवा सुरू झाली आणि १९९९ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने दिवाळे काढले. ते अख्खे जाळे पुढे अवघ्या अडीच कोटी डॉलरला गेले. म्हणजे फिरत्या, चालू स्थितीतल्या उपग्रहांची किंमत त्यांच्या खर्चाच्या अर्धा टक्काही उरली नव्हती. आता उलट बाजू पाहा. देवास मल्टिमीडिया या कंपनीने जानेवारी २००५ मध्ये इस्रोच्या अँट्रिक्सशी करार केला. तिचा एकही उपग्रह तेव्हा आकाशात नव्हता. तरीही परदेशी गुंतवणूकदारांनी तिच्यात ५७९ कोटी रुपये घातले. कशासाठी? करारातून मिळणाऱ्या ‘एस’ पट्ट्यातल्या ७० मेगाहर्ट्झ लहरींसाठी. २०११ मध्ये सरकारने तो करार रद्द केला आणि जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणाच्या मुळाशी फसवणूक असल्याचे म्हणत कंपनी गुंडाळण्यावर शिक्कामोर्तब केले. सप्टेंबर २०२५ मध्ये एकोस्टार या अमेरिकी कंपनीने आपल्याकडच्या लहरींचे हक्क स्पेसएक्सला १७ अब्ज डॉलरला द्यायचे ठरवले. त्यातही उपग्रह दुय्यम होते, मोल होते परवान्याला. यंत्र कवडीमोल आणि परवानगी कोट्यवधींची, असा हा धंदा आहे. आणि परवानगी देतो कोण? सरकार, म्हणजे आपण. लहरी, कक्षेतली जागा, देशात सिग्नल उतरवण्याचा हक्क यांपैकी एकही गोष्ट कुठल्या संस्थापकाच्या प्रतिभेतून जन्मलेली नाही. तरी तिचा सौदा होताना परवानगी देणाऱ्याने गप्प बसावे, हा कुठला न्याय?

शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. जमिनीचा व्यवहार होताना तो भावाआधी सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना पाहतो. बँकेचा बोजा आहे का, वहिवाटीचा रस्ता जातो का, कुळाची नोंद आहे का. मालक बदलला म्हणून ती नोंद पुसली जात नाही. नव्या मालकाला ती स्वीकारावीच लागते. उपग्रह कंपन्यांच्या सौद्यांत या रकान्याला कोणी हात लावत नाही. भाव काय फुटला, प्रीमियम किती, समभागांची अदलाबदल कशी, यावर तासन्‌तास चर्चा होते. लहरी घेताना कंपनीने जनतेला काय कबूल केले होते आणि ते वचन नव्या मालकावर बंधनकारक आहे की नाही, हे विचारणारा निवेदक अजून पडद्यावर यायचा आहे.

‘हे सगळे ठीक, पण खासगी हाती गेल्यावर कंपन्या सुधारतात; व्हीएसएनएलचे बघा,’ असे यावर हमखास म्हटले जाते. बघूच. महाराष्ट्राइतके ते बारकाईने बघण्याचे कारण दुसऱ्या कुणाला नाही. व्हीएसएनएलचे, म्हणजे विदेश संचार निगमचे, मुख्यालय मुंबईत होते. देशाला उपग्रहाद्वारे जगाशी जोडणारे पहिले व्यापारी भूस्थानक १९७१ मध्ये जुन्नर तालुक्यात आर्वीला उभे राहिले. तेही याच व्यवस्थेचा भाग होते. इंटेलसॅट आणि इनमारसॅट या आज केवळ खासगी कंपन्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्था मुळात अनेक सरकारांनी मिळून काढलेल्या होत्या, एक १९६४ मध्ये आणि दुसरी १९७९ मध्ये. त्यांत भारताची बाजू सांभाळली ती आधी ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसने आणि १९८६ नंतर तिच्या जागी आलेल्या व्हीएसएनएलने. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य भारतीयाला इंटरनेट दिले तेही याच कंपनीने. फेब्रुवारी २००२ मध्ये सरकारने तिचा २५ टक्के हिस्सा टाटांच्या पॅनाटोन फिनव्हेस्टला १,४३९ कोटी रुपयांना, म्हणजे शेअरमागे २०२ रुपयांनी विकला. रिलायन्सची बोली मागे पडली होती. तेव्हाची वर्तमानपत्रे काढून पाहिली तर दिसते काय? टाटा की अंबानी, या एकाच प्रश्नाने सगळे पान व्यापलेले. आजच्या कयासबाजीचे ते मूळ पीठच म्हणायला हवे.

आता त्या पानावर जे नव्हते ते. विक्रीनंतर तीनच महिन्यांनी, मे २००२ मध्ये, कंपनीच्या संचालक मंडळाने टाटा टेलिसर्व्हिसेस या टाटांच्याच दुसऱ्या कंपनीत १,२०० कोटी रुपये गुंतवायचे ठरवले. म्हणजे पाव हिस्स्यासाठी जितकी रक्कम सरकारला मिळाली, जवळजवळ तितकीच विकत घेतलेल्या कंपनीच्या तिजोरीतून घेणाऱ्याच्या घराकडे निघाली. यात व्हीएसएनएलचेच हित आहे, असा टाटांचा दावा होता, आणि तो निव्वळ पोकळ होता असे मी म्हणत नाही. परदेशी कॉलची मक्तेदारी १ एप्रिल २००२ ला संपली होती आणि कंपनीला ग्राहकापर्यंत जाणारी वाट हवीच होती. पण दळणवळण मंत्री प्रमोद महाजन यांनी जाहीर आक्षेप घेतला, निर्गुंतवणूक मंत्री अरुण शौरी यांची भूमिका वेगळी पडली, आणि एकाच मंत्रिमंडळातले दोघे एकाच सौद्याबद्दल दोन तोंडांनी बोलताना देशाने पाहिले. अंबाजोगाईच्या महाजनांना बोलायची धमक होती हे मान्य. मुद्दा एवढाच की २६ टक्के हिस्सा हाती असलेल्या सरकारला विक्रीनंतर वर्तमानपत्रांतून नाराजी का व्यक्त करावी लागली? जे रोखायचे होते ते सही करण्याआधी ठासून का लिहिले नव्हते? कारण सही करण्याआधीचा सगळा वेळ बोली कोणाची मोठी हे मोजण्यात गेला.

जमिनीची कथा याहून बोलकी आहे. व्हीएसएनएलकडे दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि पुणे इथे मिळून ७७३ एकर जादा जमीन होती. त्यांतली ५२४ एकर एकट्या पुण्याच्या दिघीत. ही जमीन सौद्यात धरलेली नव्हती आणि ती वेगळी काढायचे ठरलेही होते, म्हणजे इथे ‘इतर हक्क’ लिहिलेले होते. पण त्या अटीला धार नव्हती. ती जमीन ठेवायला हेमिस्फिअर प्रॉपर्टीज ही कंपनी निघाली २००५ मध्ये. सरकारने तिच्यात ५१ टक्के हिस्सा घेतला २०१४ मध्ये. आणि तिचे शेअर बाजारात आले ऑक्टोबर २०२० मध्ये. फेब्रुवारी २००२ ते ऑक्टोबर २०२०. एवढ्या काळात दिघीभोवतीचे पुणे कुठल्या कुठे गेले. मार्च २०२१ मध्ये सरकारने टाटा कम्युनिकेशन्स असे नवे नाव घेतलेल्या व्हीएसएनएलमधला आपला उरलेला हिस्साही विकून टाकला. दरम्यान कंपनीने समुद्राखालच्या केबलींचे जगभर पसरलेले जाळे विकत घेतले आणि मोठे नाव कमावले, यात वाद नाही. तिच्या यशाबद्दल तक्रार करायचे कारण नाही. तक्रार आहे ती हे यश पुढे करून ‘पाहा, विकले की सगळे नीट होते’ म्हणणाऱ्यांबद्दल. विकत घेणाऱ्याचे भले झाले म्हणजे विकणाऱ्याचे झाले, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात?

विशेष म्हणजे व्हीएसएनएलच्या सौद्यात निदान विक्रेता सरकार होते आणि लोकसभेत प्रश्न विचारता येत होते. आजच्या सौद्यांत तेही नाही. एकोस्टारचेच पाहा. तिची उपकंपनी ह्यूज, आणि भारतातल्या ह्यूज कम्युनिकेशन्स इंडियात तिचा दोन-तृतीयांश वाटा, एअरटेलचा एक-तृतीयांश. आपल्याकडच्या बँकांच्या दूरच्या शाखा आणि कितीतरी सरकारी कार्यालये ज्या व्हीसॅट छत्र्यांवर चालतात, त्या पुरवणाऱ्यांतली ही अग्रगण्य कंपनी. तिच्या परदेशी मालकाने उद्या काय विकावे हे तिकडचे नियामक आणि सावकार ठरवणार. ग्लोबलस्टारच्या बाबतीत तर विक्रीची वाट पाहण्याचेही कारण उरलेले नाही: २०२४ च्या करारानुसार तिच्या जाळ्याची ८५ टक्के क्षमता ॲपलसाठी राखलेली आहे. मालकीचा कागद कोणाच्या नावावर आहे यापेक्षा क्षमता कोणासाठी बांधून दिली आहे हे महत्त्वाचे, हे ॲपलला कळते. आपल्या कयासवाल्यांना कळत नाही, किंवा कळून सांगायचे नसते.

कयास हा बाजाराचा गुण आहे, त्यातून छोट्या माणसालाही चार पैसे मिळतात, असे सांगणारे पुढे येतातच. मार्च २०२५ मध्ये युक्रेनमध्ये स्पेसएक्सच्या स्टारलिंकची जागा युटेलसॅट घेणार अशी हवा झाली आणि तिचा शेअर एका आठवड्यात तिपटीहून जास्त चढला. मग काय झाले? कंपनीच्या डोक्यावरचे कर्ज हवेने फिटणार नव्हते. जूनमध्ये तिने मोठ्या भांडवलवाढीची घोषणा केली. रक्कम दीड अब्ज युरोवर गेली आणि फ्रेंच सरकार जवळपास ३० टक्क्यांचे मालक होऊन बसले. शिखरावर शिरलेल्याचे काय झाले हे सांगायला आकडेशास्त्री नको. आपल्याकडे तर खेळ आणखी सोपा आहे. उपग्रह संचाराचा धंदा करणाऱ्या आणि थेट शेअर बाजारात असलेल्या कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या. ह्यूजचा भारतीय उपक्रम बाजारात नाही. जिओ आणि एसईएस यांची भागीदारी बाजारात नाही. वनवेब ही युटेलसॅटच्या पोटातली. मग उरते कोण? नवी मुंबईत महाप्याला असलेली नेल्को, आणि तिच्यासारख्या आणखी एक-दोन. नेल्कोचा निम्म्याहून किंचित जास्त हिस्सा टाटा पॉवरकडे आहे. टाटा पॉवरला विकायची नसेल तर ही कंपनी बाहेरचा कोणी बळाने घेऊच शकत नाही, मग तिच्या शेअरने कितीही उड्या मारोत. सेबीने अफवांना वेसण घालायला नियम केला खरा: ठळक भाव हलला तर माध्यमांतल्या बातमीचा २४ तासांत खुलासा करायचा. पण तो जून २०२४ पासून बाजारमूल्याने पहिल्या १०० आणि डिसेंबर २०२४ पासून पहिल्या २५० कंपन्यांना लागू आहे. उपग्रहाच्या धंद्यातल्या छोट्या कंपन्या त्या यादीच्या कितीतरी खाली. जिथे खुलाशाचे बंधन नाही नेमके तिथेच वावड्या उडतात, हा योगायोग समजायचा का? आणि शेवटी, ज्याला ही टिप रात्री मोबाइलवर मिळते, तो पहिला असतो की शेवटचा?

सगळ्यांत गोड युक्तिवाद मी मुद्दाम मागे ठेवला होता: मोठा मालक आला की गावात नेट येईल. याच आशेवर बाकीचे सगळे खपते. जुलै २०२५ मध्ये दूरसंचार राज्यमंत्री पेम्मसानी चंद्रशेखर यांनी सांगितले की स्टारलिंकला भारतात २० लाखांपर्यंतच ग्राहक घेता येतील आणि त्यासाठी महिन्याला सुमारे तीन हजार रुपये पडतील. देशात सहा लाखांहून जास्त गावे आहेत. सरळ भागाकार केला तर गावामागे तीन जोडण्या. वाटूरमध्ये त्या तीन कोणाकडे असतील याची कल्पना करायला फार डोके लागत नाही. सोयाबीनच्या भावाची वाट पाहणाऱ्याकडे नक्कीच नसतील. उपग्रह डोक्यावरून सगळ्यांच्या जातो, म्हणून तो सगळ्यांचा होत नाही. एका उपग्रहाला एका वेळी मर्यादित भागात मर्यादित माहितीच वाहून नेता येते आणि ती क्षमता कोणाला द्यायची हे पैसे ठरवतात: विमान कंपनी, जहाज, तेलविहीर, सैन्य, बँक. गाव रांगेत शेवटी. हे बदलायचे तर मालक बदलून भागत नाही, परवान्यात लिहावे लागते. दूरसंचार नियामक ट्रायला ते अर्धवट का होईना सुचले होते. मे २०२५ च्या शिफारशींत त्यांनी लहरींसाठी समायोजित महसुलाच्या चार टक्के आकार सुचवला आणि शहरातल्या प्रत्येक ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जादा घ्यावेत असेही म्हटले, कंपन्यांनी शहरातच मलई खाऊ नये म्हणून. या एका शिफारशीवर जितक्या ओळी छापून आल्या त्याच्या शंभरपट ओळी कोण कोणाला विकत घेणार यावर आल्या असतील. (आणि जी फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आणायची योजना २०११ पासून चालू आहे, जिच्या सुधारित आवृत्तीसाठी केंद्राने २०२३ मध्ये १.३९ लाख कोटी मंजूर केले, तिची खोदलेली नळी गावात कुठे संपते याची चौकशी कोणी करत नाही. आकाशाकडे पाहण्याची सोय म्हणजे जमिनीवर पाहावे लागत नाही.)

यावर ‘गावाचा या सौद्यांशी संबंधच काय’ असे एक हुकमी उत्तर येते. संबंध पैशाचा आहे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातले पाच टक्के, पूर्वी यूएसओ आणि आता डिजिटल भारत निधी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खात्यात जातात. तो महसूल रिचार्जमधूनच येतो, आणि वाटूरचे रिचार्ज त्यातून वगळलेले नाही. शिवाय १९९० च्या दशकात इरिडियमच्या भारतीय कंपनीत पैसे घातले ते कोणी? स्टेट बँक, आयडीबीआय, एलआयसी यांसारख्या संस्थांनी. ठेवी आणि विम्याचे हप्ते ज्यांचे होते त्यांतले बहुतेक कधी उपग्रह फोनवर बोललेले नसतील. त्या गुंतवणुकीबाबत मोटोरोलाविरुद्ध फसवणुकीची फिर्याद पुण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे गेली, मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीवरही अशा गुन्ह्याचा खटला चालू शकतो असे सांगत तो आदेश फिरवला. आरोप खरे की खोटे हे त्या निकालाने ठरवले नाही. पण ‘बाजाराचा मामला’ अखेर कोणाच्या खिशातून गेला, हे मात्र स्पष्ट झाले.

राहिला स्वदेशीचा मुद्दा, आणि तो मांडणाऱ्यांचा आवाज सगळ्यांत मोठा असतो. परक्याने घेण्यापेक्षा आपल्या माणसाने घ्यावे, म्हणजे देश सुरक्षित, असे त्यांचे म्हणणे. ऑक्टोबर २०२४ मध्ये एअरटेलचे सुनील मित्तल यांनी दिल्लीतल्या परिषदेत उपग्रह कंपन्यांनीही इतरांसारखे लहरींचे पैसे भरावेत असे ठणकावले होते. जिओने तर लिलावाचाच आग्रह धरला होता. मार्च २०२५ च्या ११ तारखेला एअरटेलने आणि १२ तारखेला जिओने स्पेसएक्सशी करार केल्याचे जाहीर केले. पाच महिन्यांत स्वदेशीचे काय झाले, हे मी विचारत नाही. धंदा धंद्याच्या जागी. पण झेंडा पाहून ज्यांना झोप लागते त्यांनी जागे व्हावे. ब्रिटनने काय केले ते पाहा. २०२० मध्ये वनवेब दिवाळखोरीत गेली तेव्हा ब्रिटिश सरकारने आणि एअरटेलच्या भारती समूहाने प्रत्येकी ५० कोटी डॉलर घालून ती सोडवली. भारतीकडे कंपनी आली, पण ब्रिटिश सरकारने एक विशेष समभाग स्वतःकडे ठेवला, आणि २०२३ मध्ये कंपनी युटेलसॅटमध्ये विलीन झाली तरी राष्ट्रीय सुरक्षेबाबतचे त्याचे हक्क त्या समभागातून टिकले. मालक भारतीय झाला, नंतर फ्रेंच झाला. अट ब्रिटिशच राहिली. मालकाच्या राष्ट्रीयत्वापेक्षा अट टिकाऊ असते, हे आपल्या सरकारला कोणी सांगायचे?

अटी घातल्या तर गुंतवणूकदार पळतील, ही शेवटची भीती. अमेरिकेच्या व्हायासॅटने ब्रिटनमधली इनमारसॅट घेण्याची घोषणा नोव्हेंबर २०२१ मध्ये केली, ७.३ अब्ज डॉलरची. ब्रिटनने नोकऱ्या आणि संशोधनाबाबत बंधनकारक हमी लिहून घेतल्या, ब्रिटिश आणि युरोपीय स्पर्धा नियामकांनी सखोल चौकशी केली, दीड वर्ष गेले आणि मे २०२३ मध्ये सौदा पूर्ण झाला. कोणी पळाले नाही. पळतो तो एकच गुंतवणूकदार, ज्याला परवाना स्वस्तात घेऊन दुसऱ्याला महाग विकायचा असतो. त्याला पळू द्यावे. आपल्याकडे २०२३ च्या दूरसंचार कायद्याने उपग्रह लहरी लिलावाऐवजी प्रशासकीय पद्धतीने द्यायचे ठरवले. ते योग्यच होते; या लहरी अनेक कंपन्या वाटून वापरू शकतात, त्यांचा मोबाइलसारखा लिलाव होत नाही. पण मग हे कबूल करा की लिलावाविना मिळालेली ही सार्वजनिक वस्तू आहे, आणि ती घेऊन बसलेली कंपनी विकली जाताना होणाऱ्या फायद्यावर फक्त समभागधारकांचा दावा असू शकत नाही. सप्टेंबर २०२४ पासून २,००० कोटींहून मोठे आणि भारतात लक्षणीय व्यवसाय असलेले सौदे स्पर्धा आयोगाकडे जातात. आयोग बाजारातली स्पर्धा पाहील. गावाला वचन दिलेल्या जोडण्यांचे काय, हे पाहणे त्याच्या कामात बसत नाही. ते परवाना देणाऱ्या दूरसंचार विभागाने पाहायचे, सौद्याला मान्यता देण्याआधी, जाहीर सुनावणी घेऊन, आणि वचन मोडले तर लहरी परत घेण्याची तरतूद लिहून.

हे सगळे महाराष्ट्राला दूरच्या राजकारणासारखे वाटायचे कारण नाही, कारण पुढचा कागद आपल्याच सरकारच्या टेबलावर आहे. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी राज्य सरकारने स्टारलिंकशी इरादापत्रावर सही केली; असे करणारे महाराष्ट्र देशातले पहिले राज्य, हे मोठ्या अभिमानाने सांगितले गेले. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम ही नावे त्यात आहेत. जालना नाही, म्हणजे वाटूरही नाही. असो, या चार जिल्ह्यांची निकड जास्त आहे हे मान्य. पण इरादापत्र म्हणजे करार नव्हे. अंतराळ नियामक इन-स्पेसने स्टारलिंकला परवानगी दिली आहे ती पाच वर्षांची, जुलै २०२५ पासून. या काळात दर वाढले, क्षमता शहराकडे वळली किंवा इथला धंदा दुसऱ्या कोणाच्या हाती गेला, तर भामरागडच्या शाळेत आणि धडगावच्या दवाखान्यात लावलेली छत्री कोणाच्या जबाबदारीवर चालणार? किती शाळा, किती आरोग्य केंद्रे, कोणत्या तारखेपर्यंत, किती वेगाने, कोणत्या दराने, आणि कंपनी विकली गेली तर हे सारे घेणाऱ्यावर बंधनकारक की नाही? राज्य सरकारने ही उत्तरे अंतिम करारात लिहून तो करार सही होण्याआधी लोकांपुढे ठेवावा. घेणारा उद्या कोणी का असेना, त्याने तो करार वाचूनच भाव ठरवावा.